जुने रंगीत दूरचित्रवाणी संच : संग्रह व ओळख

काचेची पिक्चर ट्यूब असलेले जुने रंगीत दूरचित्रवाणी संच जमवणे, त्यांचा निर्माता, काळ व प्रसारणपद्धती ठरवणे आणि जमल्यास ते चालू अवस्थेत राखणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. जुन्या रेडिओंच्या मानाने त्याचा पसारा लहान आहे, कारण हे संच वजनदार असतात, जागा अडवतात आणि उघडताना जिवाला धोका असतो.

अमेरिकेत एनटीएससी या रंगीत प्रसारणपद्धतीला डिसेंबर १९५३ मध्ये मान्यता मिळाली आणि १९५४ मध्ये आरसीए कंपनीचा ‘सीटी-१००’ हा संच एक हजार डॉलरला विक्रीस आला. यूरोपात ब्रिटन व पश्चिम जर्मनीने १९६७ मध्ये पाल पद्धतीने रंगीत प्रसारण सुरू केले. भारताने पुढे हीच पद्धत स्वीकारली आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झाले. त्याच वर्षाअखेरीस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. पुण्यात मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरील मनोऱ्यावरून पोहोचत, म्हणून पेठांमधल्या गच्च्यांवरील अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या असत.

१९८२ ही तारीख पुण्यातील संग्राहकाच्या फार उपयोगाची आहे. तोपर्यंत जगभरचे रंगीत संच व्हॉल्व्ह (जुन्या काचेच्या निर्वात नळ्या) सोडून ट्रान्झिस्टर व आयसींवर (चिपांवर) आलेले होते. त्यामुळे ‘आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रंगीत टीव्ही’ असे सांगून पुण्यात कोणी संच दाखवला, तर तो बहुधा कृष्णधवल तरी असतो किंवा बऱ्याच नंतर परदेशातून आणलेला असतो. लाकडी शटरचे, कुलूपकिल्ली असलेले देखणे संचही बहुतांशी कृष्णधवलच निघतात. काहींच्या पुढे वर निळी व खाली हिरवी छटा असलेली प्लॅस्टिकची काच बसवलेली असते. त्या काचेने अनेक घरांना रंगाचे समाधान दिले, पण संचाची जात काही बदलली नाही.

ओळख पटवताना पुढच्या नावपट्टीवर विसंबू नये. १९८०च्या दशकात वेस्टन, क्राऊन, डायनोरा, ओनिडा, बीपीएल अशी नावे बाजारात होती. आयात केलेल्या सुट्या भागांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होत असे आणि पुढच्या दुरुस्त्यांत एकाच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्याचे चॅसिस (आतील सर्किटांचा सांगाडा) सहज बसवले जाई. खरी माहिती मागचे झाकण काढल्यावरच मिळते. अमेरिकी ट्यूबच्या क्रमांकाच्या शेवटी ‘पी२२’ असेल तर ती रंगीत, ‘पी४’ असेल तर कृष्णधवल. यूरोपीय क्रमांकात, उदाहरणार्थ ‘ए५६-१२०एक्स’मध्ये, ५६ हा आकडा पडद्याचा कर्ण सेंटिमीटरमध्ये सांगतो आणि ‘एक्स’ हे अक्षर रंगीत ट्यूबचे असते. कृष्णधवल ट्यूबला तेथे ‘डब्ल्यू’ येते. बोर्डावरील स्फटिकाच्या लहानशा पत्र्याच्या डबीवर ४.४३ (मेगाहर्ट्झ) हा आकडा असेल तर संच पाल पद्धतीचा, ३.५८ असेल तर एनटीएससीचा समजावा. आखाती देशांतून आलेल्या बहुपद्धती संचांत दोन्ही डब्या सापडू शकतात. आयसींवर पुष्कळदा चार आकडी खूण असते: ‘८३४२’ म्हणजे १९८३ सालचा ४२वा आठवडा. मूळच्या सुट्या भागांपैकी सर्वांत अलीकडची खूण पाहावी, कारण संच तिच्या आधीचा असू शकत नाही. एकच भाग इतरांहून बराच नवा असेल तर ती दुरुस्ती होय.

संच चालू असेल तर पडद्याला भिंग लावावे. त्रिकोणात मांडलेले लाल, हिरवे व निळे ठिपके दिसले तर ट्यूब जुन्या डेल्टा धाटणीची, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गन त्रिकोणात असलेली, असण्याचा संभव अधिक, आणि तिच्या मानेवर तिन्ही किरण जुळवणारी तीन बाहूंची कन्व्हर्जन्स कॉइलही असते. आखूड उभ्या पट्ट्या दिसल्या तर एका ओळीत तीन गन असलेली नंतरची रचना समजावी. अखंड उभे पट्टे आणि पडद्यावर आडवी, केसासारखी बारीक सावली ही सोनीच्या १९६८ सालच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबची व तिच्या वंशजांची खूण होय. ती सावली तारांच्या जाळीला थरथरू न देणाऱ्या आडव्या तारेची असते, पण अनभिज्ञ खरेदीदार तिला दोष समजून भाव पाडतो.

पुण्यात असे संच बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे किंवा वाड्यांच्या पुनर्विकासाच्या वेळी हाती लागतात. सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात चौकशी करतात. ट्यूब ‘वीक’ असेल तर चित्र उमटायला वेळ घेते व फिके राहते. चांगली ट्यूब मिळणेच दुरापास्त झाल्याने खरेदीत तिलाच महत्त्व द्यावे, कॅबिनेटची झिलई दुय्यम. जुन्या ट्यूबला पुढची संरक्षक काच चिकटवणाऱ्या थरात पांढुरके डाग पडतात, त्यांना संग्राहक मोतीबिंदू म्हणतात आणि काच सावकाश तापवून ती वेगळी करतात.

रंगीत ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब लागतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. शिवाय अनेक संचांचे चॅसिस थेट मेनला जोडलेले असते. म्हणून ट्यूब डिस्चार्ज केल्याशिवाय (साठलेला विद्युतभार काढून टाकल्याशिवाय) व संचाला मेनपासून विलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय आत हात घालू नये. ट्यूबच्या काचेत शिसे असते, त्यामुळे फुटलेली ट्यूब ई-कचऱ्यातच द्यावी. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण आता जवळजवळ संपल्याने चालू संचाला चित्र देण्यासाठी सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअरमागे, त्याचे चित्र अँटेनाच्या सिग्नलसारखे करून देणारा आरएफ मॉड्युलेटर जोडतात. अमेरिकी संच असेल तर १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एनटीएससी सिग्नल देणारे यंत्र अशी दोन्हींची सोय करावी लागते.