मधल्या अंतराचा फसवा दिलासा

‘पुढच्यानं ब्रेक मारला की मीही मारतो, गाड्या सारख्याच, मग धडक कशी होईल?’ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीला चिकटून धावणाऱ्यांचा हा ठरलेला युक्तिवाद. तो आकड्यांत तपासून पाहू.

दोन्ही गाड्या ताशी १०० किमी वेगात, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंदाने घटतो. पुढच्याचे दिवे पेटल्यापासून तुमचा ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू. या दीड सेकंदात पुढची गाडी मंदावते, तुमची नाही. त्यामुळे अंतर सुमारे ८ मीटरनं घटतं आणि दोन वेगांत ताशी ३८ किमीचा फरक पडतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. आता दोघांचेही ब्रेक सारखेच लागलेत, म्हणून हा फरक कमी होतच नाही! पुढची गाडी पूर्ण थांबेपर्यंत तो ३८ वरच अडकतो. परिणाम असा, की सुरुवातीचं अंतर १० मीटर असो वा ३०, धडक त्याच ताशी ३८ किमीच्या फरकानं बसते. पुढची गाडी उभी राहिल्यावरच तुमचा ब्रेक तो फरक खाऊ लागतो. त्यासाठी निदान ३४ मीटर हवेत, आणि धडक पूर्ण टळायला ४२, म्हणजे दीड सेकंदात कापलं जाणारं अंतर. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसनं स्टिअरिंग ताब्यात राहतं, पण हा दीड सेकंद परत मिळत नाही. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीनंही नाही.

शिवाय ४२ मीटर हे दोन्ही गाड्यांची पकड सारखी असतानाचे. तुमचे टायर झिजलेले असतील आणि वेग ७ ऐवजी ५ नंच घटत असेल, तर आणखी २२ मीटर लागतात. पुढची गाडी उभ्या डंपरवर आदळून जागीच थांबली, तर चांगल्या टायरांनीही एकूण ९७.

म्हणून अंतर मीटरमध्ये नव्हे, सेकंदांत मोजा. वेग बदलला तरी माप तेच राहतं. पुढच्या गाडीची मागची बाजू एखाद्या खांबापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा; यात साधारण तीन सेकंद जातात. तुम्ही ते संपण्याआधीच खांबाशी पोचलात, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. पावसात किंवा पुढचं दिसू न देणाऱ्या ट्रकमागे पाच सेकंद ठेवा.

‘जागा ठेवली की कुणीतरी घुसतंच’ ही तक्रार खरी आहे. घुसू द्या, ब्रेक न मारता पाय उचला आणि अंतर पुन्हा वाढू द्या. एका गाडीमागे फार तर तीन सेकंद जातात. पुण्यापर्यंत दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट.