इन्क्युबेटर (वैद्यकीय प्रयोगशाळेतील)

रुग्णाच्या लघवी, रक्त, पू, थुंकी अशा नमुन्यांतील जिवाणू किंवा बुरशी वाढवण्यासाठी ठरावीक तापमान राखणारी बंद पेटी. नवजात बाळाची काचपेटी आणि अंडी उबवण्याचे यंत्र यांनाही हेच नाव असले, तरी ती उपकरणे वेगळी.

पेटीला दुहेरी भिंत असते व मध्ये काचलोकर भरलेली असते. आत स्टेनलेस स्टीलचा कप्पा, जाळीचे रॅक, हीटर, तापमान मोजणारा सेन्सर व नियंत्रक असतो. बाहेरच्या दाराआड काचेचे दुसरे दार असल्यामुळे ऊब न घालवता आत पाहता येते.

बहुतेक रोगकारक जिवाणूंसाठी 35 ते 37 अंश सेल्सिअस तापमान ठेवतात. लघवीच्या कल्चरसाठी (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीसाठी) 0.001 मिलिलिटरच्या लूपने (तारेच्या कड्याने) नमुना प्लेटवर, म्हणजे पोषक माध्यमाच्या चपट्या बशीवर, पसरतात आणि 18 ते 24 तासांनी वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) मोजतात. 100 वसाहती म्हणजे मिलिलिटरला एक लाख जिवाणू. क्षयाच्या जंतूंची घन माध्यमावरची वाढ आठ आठवड्यांपर्यंत पाहावी लागते. बुरशीला 25 ते 30 अंश लागतात. गोनोकॉकससारख्या (परम्याच्या जंतूसारख्या) जिवाणूंना 5 टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवा. तसा इन्क्युबेटर नसेल तिथे प्लेटा मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत घालून पेटीत ठेवतात.

साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही, हे खरेदीच्या वेळी हमखास विसरले जाते. सांगली-मिरजेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. खोली 39 अंशांवर असेल, तर 35 वर लावलेली पेटी हीटर बंद ठेवूनही 35 वर येणार नाही. याचा सर्वांत घातक परिणाम प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणीवर, म्हणजे जंतूवर कोणते औषध चालते हे पाहण्याच्या चाचणीवर, होतो. 35 अंशांच्या वर स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा मेथिसिलिन-रोध (मेथिसिलिन गटातल्या औषधांना दाद न देणे) लपू शकतो. मग औषध चालेल असा अहवाल जातो आणि रुग्णाला उतार पडत नाही. त्यामुळे इथे खोलीला एसी हवा किंवा काँप्रेसर असलेला, थंडही करणारा ‘बीओडी’ इन्क्युबेटर. बुरशीसाठी तर उन्हाळ्यात दुसरा पर्यायच नाही.

प्लेटा नेहमी उपड्या ठेवाव्यात, नाहीतर झाकणावरचे पाणी ठिबकून वसाहती एकमेकींत मिसळतात. एका चळतीत पाच-सहापेक्षा जास्त प्लेटा नकोत; मधल्या प्लेटा उशिरा तापतात. आर्द्रतेसाठी ठेवलेल्या ट्रेमधले ऊर्ध्वपातित पाणी वेळोवेळी बदलले नाही, तर तिथेच बुरशी धरते. बाहेरच्या डिजिटल आकड्यावर विसंबू नये. ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला, प्रमाणित केलेला थर्मामीटर आत ठेवून रोज सकाळी दार उघडण्याआधी नोंद करावी.

वीज गेली तर दार उघडू नये. पाण्याचे आवरण असलेली पेटी अशा वेळी जास्त तग धरते. तापमान बराच वेळ उतरले असेल, तर कल्चरच्या प्लेटांना जास्त तास द्यावेत; संवेदनशीलतेच्या प्लेटा मात्र पुन्हा लावाव्यात.

काही रोगांत कल्चरचा उपयोग मर्यादित आहे. कृष्णेच्या पुरानंतर, 2019 सारख्या वर्षी, सांगलीत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) शंका घ्यावी लागते. पण त्याचा जिवाणू 28 ते 30 अंशांवर वाढायला कित्येक आठवडे घेतो. तोवर उपचारांची वेळ टळून जाते, म्हणून निदान एलायझा (रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) यांवर करतात. तिथेही इन्क्युबेटर लागतोच: अनेक एलायझा किटच्या प्लेटा 37 अंशांवर ठेवायच्या असतात आणि ऊब असमान असली की कडेच्या खळग्यांचे आकडे मधल्यांपेक्षा वेगळे येतात.