प्रोटॉन किती वळला? रोमन पॉट आणि त्यातल्या सिलिकॉनची पार्श्वभूमी

एलएचसी, म्हणजे सर्न या संशोधन संस्थेचं प्रोटॉनच्या टकरी घडवणारं यंत्र, म्हटलं की सगळ्यांना हिग्ज कण आठवतो, पण तिथे अजून एक प्रश्न मोजला गेला आणि मला तो जास्त भावतो: दोन प्रोटॉन एकमेकांना घासून गेले, फुटले नाहीत, नुसते वळले, तर किती वळले? हा कोन मायक्रोरेडियनमधला. म्हणजे टकरीच्या जागेपासून 220 मीटर पुढे गेला तरी तो प्रोटॉन बीमपासून जेमतेम काही मिलिमीटर सरकलेला असतो, अजून बीम पाइपच्या आतच, मग बाहेर कितीही मोठा डिटेक्टर लावा, त्याला तो दिसणारच नाही.

यावर तोडगा काढला तो जिनिव्हाला सर्नच्या आयएसआर या जुन्या प्रोटॉन-टक्कर यंत्रावर, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. सर्न-रोम गटाने पाइपला लवचिक बेलोज (भात्यासारखी नळी) लावून एक डबा बसवला, डिटेक्टर त्या डब्यात म्हणजे व्हॅक्यूमपासून वेगळा, आणि बीम स्थिर झाला की अख्खा डबाच आत सरकवायचा. हाच रोमन पॉट. ऊर्जा वाढली की प्रोटॉन-प्रोटॉन क्रॉस सेक्शनही (टक्कर होण्याची शक्यता किती याचं माप) वाढतो हे 1973 मध्ये आयएसआरवर कळलं, तोवर बऱ्याच जणांना तो स्थिरावेल असंच वाटत होतं. तेव्हा पॉटमध्ये सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे डिटेक्टर) असायचे, 1980 च्या दशकात सर्नच्याच यूए4 प्रयोगाने वायर चेंबर (तारांचे डिटेक्टर) वापरले.

सिलिकॉनचा डिटेक्टर जास्त अचूक, पण त्याची अडचण कडेला. वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) कापला की कडेचा स्फटिक बिघडतो, तिथून करंट गळतो, तो आवरायला गार्ड रिंग लावायच्या आणि त्यात कडेची अर्धा-एक मिलिमीटर पट्टी वाया जायची, आणि हवे ते प्रोटॉन नेमके तिथूनच जाणार! एलएचसीवरच्या टोटेम प्रयोगाच्या लोकांनी कडेचा करंट बाहेरच्या एका रिंगमधून वेगळा काढून घेतला, तो कण टिपणाऱ्या पट्ट्यांपर्यंत पोचूच दिला नाही, आणि वाया जाणारी कड आली 50 मायक्रॉनवर. मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर युक्ती वाटते. सेन्सर 300 मायक्रॉन जाड, त्यावर 66 मायक्रॉनच्या अंतराने 512 पट्ट्या, कडेशी 45 अंशात, असे दहा सेन्सर एका पॉटमध्ये.

2011 मध्ये 7 टीईव्ही इतक्या ऊर्जेला टोटेमचा क्रॉस सेक्शनचा आकडा आला साधारण 98 मिलिबार्न (क्रॉस सेक्शनचं एकक), आयएसआरच्या दुपटीहून जास्त. आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन यंत्रावरच्या डीझीरो प्रयोगासोबत टोटेमने ऑडेरॉनचा (प्रोटॉन आणि अँटिप्रोटॉन यांच्या वळण्यात फरक पाडणाऱ्या देवाणघेवाणीचा) पुरावा छापला, ज्याची कल्पना वुकाशुक आणि निकोलेस्कू यांनी 1973 मध्येच मांडली होती: किती प्रोटॉन किती वळले याच्या प्रोटॉन-प्रोटॉनच्या आलेखात खड्डा आणि लगेच उंचवटा दिसतो, प्रोटॉन-अँटिप्रोटॉनच्या आलेखात तो तसा दिसत नाही.