झाकण काढलं म्हणजे प्रोसेसर थंड झाला?

'मशीन तापतंय ना, मग कॅबिनेटचं झाकण काढ आणि टेबल फॅन लाव.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, पण तो उपाय नव्हे, फार तर तपासणी आहे. झाकण काढल्यावर तापमान बरंच उतरलं, तर आत हवा खेळत नाहीये: पुढची जाळी तुंबलीय किंवा मागचा पंखा बंद आहे. तेवढं दुरुस्त करून झाकण परत लावा, कारण उघडं मशीन धूळ जास्त खातं.

काहीच फरक पडला नाही, तर हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे वळा. लोड, म्हणजे जड काम, येताच काही सेकंदांत तापमान नव्वदीपार उडी मारत असेल, तर हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या बॉक्ससोबत येणाऱ्या कूलरला (पंख्यासकट हीटसिंकला) प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. त्यातली एक जरी सुटली, तरी तो कोपरा उचलला जातो. चारही पिना बोटाने दाबून बघाच. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी सुकली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर हीटसिंकवरचा पंखा काढून खाली पाहा. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

आणि एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतल्या (२०२२) प्रोसेसरवर पूर्ण लोडवर ९५ अंश दिसले तर घाबरू नका, ती मर्यादा एएमडीनेच ठरवलेली आहे. काहीही न चालवता नुसत्या डेस्कटॉपवर ७५ दिसले, तर मात्र मशीन उघडा.