टोस्ट हवाईत अननस डब्यातलाच का?

नाव हवाई, पण हा पदार्थ पक्का जर्मन. 1955 च्या सुमारास पश्चिम जर्मनीत टीव्हीवर क्लेमेन्स विल्मेनरोड नावाचा माणूस रेसिपी दाखवायचा, मूळचा नट, शिकलेला शेफ वगैरे अजिबात नाही, त्याने हा टोस्ट घराघरात पोचवला. ब्रेड, बटर, हॅम, अननसाची चकती, वर चीज स्लाइस, ओव्हनमध्ये वरची आच, आणि शेवटी मधोमध ती लाल चेरी (मी काढून टाकतो).

मी एकदा शहाणपणा केला, डब्यातला कशाला म्हणून ताजा अननस लावला आणि टोस्ट रचून पाहुणे येईपर्यंत तासभर तसेच ठेवले. हॅम वरून गिळगिळीत झालं आणि चीज कडवट! ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं, प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम, अननस खाताना जीभ चुरचुरते त्यात त्याचाही हात असतो. तेच हॅमवर आणि चीजवर चालतं, आणि चीजमधल्या प्रोटीनचे काही तुकडे कडू लागतात. डबाबंद करताना अननस तापवतात, त्यात हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून डब्यातला बिनधास्त वापरा.

आता चीज. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन चीजमध्ये कॅल्शियमने एकमेकांना धरून जाळं करतं आणि त्या जाळ्यात फॅट आणि पाणी अडकलेलं असतं. तापल्यावर आधी फॅट पातळ होतं, मग जाळं सैल पडतं आणि चीज पसरतं. पण जुनं, कोरडं चीज जास्त तापलं की प्रोटीन आकसतं आणि तेल सुटून वर तरंगतं, अगदी मिसळीवरच्या तर्रीसारखं. 1911 मध्ये स्वित्झर्लंडच्या थून गावात गेर्बर आणि श्टेटलर या दोघांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट घातलं, ते केसिनकडचं कॅल्शियम ओढून घेतं, मग मोकळं झालेलं केसिन फॅट आणि पाणी दोघांनाही धरून ठेवतं. आपली प्रोसेस्ड चीजची स्लाइस तिथूनच आली, म्हणून ती टोस्टवर चादरीसारखी बसते आणि तेल सोडत नाही.

हॅमवर पनीर ठेवून बघू म्हणाल तर नको. लिंबू पिळून दूध फाडलं की बरंचसं कॅल्शियम निवळीबरोबर निघून जातं आणि प्रोटीन आंबटपणामुळे घट्ट चिकटून बसतं, ते कितीही तापवा, फक्त लाल होणार, वितळणार नाही.

आणि हो, ब्रेड आधी भाजून मग बटर लावा, नाहीतर अननसाचा रस खाली उतरून त्याचा लगदा होतो.