द्राक्षं थांबत नाहीत

मार्चमध्ये तासगावकडं व्यापारी बागेत येतो, घड हातात घेऊन बघतो आणि दर पाडून सांगतो. त्याला घाई नसते, कारण शेजारी आणखी दहा बागा आहेत. बागायतदाराचा माल मात्र वेलीवर तयार आहे, आणि अवकाळी आला तर मणी तडकणार. मोठा देश छोट्या देशाला कसा वाकवतो, ते मला या सौद्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९४५ साली यातलं गणित मांडलं. व्यापार दोघांचा असला तरी गरज सारखी नसते. १९३८ मध्ये बल्गेरियाची निम्म्याहून जास्त निर्यात एकट्या जर्मनीत जायची; जर्मनीच्या आयातीत बल्गेरियाचा वाटा मात्र दीड टक्क्याच्या आसपास. असा व्यापार तुटला तर एकाचं कंबरडं मोडतं, दुसऱ्याला फारसं जाणवतही नाही. त्यामुळं धमकी उघडपणे द्यावीच लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात स्कारबरो शोल या दोघांनी हक्क सांगितलेल्या प्रवाळखडकावरून चीन आणि फिलिपिन्सची जहाजं समोरासमोर आली. त्याच सुमारास चिनी बंदरांत फिलिपिन्सच्या केळ्यांची तपासणी एकाएकी कडक झाली. कारण दिलं कीड सापडल्याचं. कंटेनर अडकले, केळी तिथंच कुजली. कीड खरी की खोटी, हा वाद मिटेपर्यंत माल हातचा गेलेला असतो.

आइसलँडनं मात्र यातून वाट काढली. १९५२ मध्ये या चिमुकल्या देशानं मासेमारीची हद्द तीनवरून चार सागरी मैल केली. चिडलेल्या ब्रिटिश ट्रॉलरवाल्यांनी आइसलँडची मासळी आपल्या बंदरांत उतरवू देणं बंद केलं. ताज्या मासळीचं ब्रिटन हेच मोठं गिऱ्हाईक होतं. आइसलँडनं गोठवलेल्या मासळीवर भर दिला. उणे १८ अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते, म्हणजे गिऱ्हाईक शोधायला काही महिने मिळतात. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेनं माल घेतला, सोव्हिएत संघानंही घेतला. १९५६ मध्ये बंदी उठली, चार मैलांची हद्द तशीच राहिली.

आपल्याकडं हेच काम बेदाण्याचं शेड करतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवल्यावर मण्यावरच्या मेणचट थरातून पाणी लवकर सुटतं. जाळीवर पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये तो महिनोन्‌महिने टिकतो. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांतही हळद अशीच जमिनीखाली दराची वाट बघत राहायची.

पण शेडला पैसा लागतो, कोल्ड स्टोरेजचं भाडं लागतं, आणि सोसायटीचं कर्ज मार्चअखेरीलाच भरायचं असतं. म्हणून बेदाणा करता येत असूनही कितीतरी जण व्यापाऱ्याच्या दरानं द्राक्षं तशीच तोडून देतात.