रक्त-मेंदू अडथळा आणि अल्झायमरची औषधे: पार्श्वभूमी

अल्झायमरवरच्या प्रतिपिंड (ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) औषधांची चर्चा अमायलॉइडपाशी, म्हणजे रुग्णांच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनापाशी, सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. औषध मेंदूत पोचते तरी किती, हे क्वचितच कुणी विचारते. शिरेतून दिलेल्या साध्या प्रतिपिंडाचा साधारण हजारावा हिस्सा रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातले बहुतेक पदार्थ मेंदूत शिरू न देणारी केशवाहिन्यांची भिंत, ओलांडतो; बाकीचा रक्तातच फिरत राहतो. मग मात्रा वाढवावी लागते आणि तिचा भार रक्तवाहिन्यांवर पडतो.

रक्तात सोडलेला रंग शरीरभर पसरतो पण मेंदूत उतरत नाही, हे 1885 मध्येच दिसले होते. केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात म्हणून हे घडते, याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा 1967 मध्ये आला. त्याच वर्षी पार्किन्सनच्या रुग्णांना तोंडावाटे मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन कमी पडते, पण बाहेरून दिलेले डोपामिन मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून आत जाते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. पुढे जोडीला आलेले कार्बिडोपा अडथळ्याबाहेरच राहते, त्यामुळे लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडत नाही. (आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा 1937 मध्ये भारतातच वेगळे केले गेले होते.) अडथळ्यालाच कामाला लावणारी इतकी चोख जोडी अल्झायमरच्या वाट्याला आली नाही.

अमायलॉइडविरोधी लसीची चाचणी काही रुग्णांच्या मेंदूला दाह झाल्याने 2002 मध्ये थांबवावी लागली. त्यानंतर तयार प्रतिपिंडांवर भर आला, आणि तिथून गोष्ट अ‍ॅड्युकानुमॅब या प्रतिपिंडाबाबतच्या 2021 च्या निर्णयाकडे जाते.

अ‍ॅड्युकानुमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या मार्च 2019 मध्ये निष्फळ ठरवून बंद झाल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने पवित्रा बदलला: नंतर हाती आलेली आकडेवारी धरली तर एका चाचणीत जास्त मात्रेच्या गटाला थोडा फायदा दिसतो. दुसऱ्या चाचणीत तो नव्हताच. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीपुढे प्रश्न आला, की त्या एका चाचणीला परिणामकारकतेचा मुख्य पुरावा मानावे का? एकाही सदस्याने होकार दिला नाही. तरीही 7 जून 2021 रोजी अमेरिकी नियामकाने जलद मार्गाने मंजुरी दिली. आधार होता स्कॅनमध्ये घटलेल्या अमायलॉइडचा. रुग्णाला फायदा होण्याची त्यावरून वाजवी शक्यता आहे, एवढेच गृहीत धरले गेले. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्षाला 56,000 डॉलरची किंमत डिसेंबरमध्ये जवळपास निम्म्यावर आणावी लागली. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने चाचण्यांबाहेर खर्च उचलायला नकार दिला आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने औषध गुंडाळण्याची घोषणा केली.

या गदारोळात एक आकडा मागे पडला. जास्त मात्रेच्या गटात सुमारे 35 टक्के रुग्णांच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली होती. बहुतेकांना लक्षणे नव्हती, काहींना होती. अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचलेले असते. प्रतिपिंड तिथेही हल्ला चढवतात आणि भिंत पाझरू लागते. APOE4 हे अल्झायमरचा धोका वाढवणारे जनुक असलेल्यांना हा धोका जास्त. मुळात 2015 च्या एमआरआय अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) अडथळा आधीच पाझरताना आढळला होता. हे आजाराचे कारण की परिणाम, यावर एकमत नाही. पण अशा भिंतीवर काय गुदरेल, हा प्रश्न मंजुरीच्या वेळी केंद्रस्थानी असायला हवा होता.

2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेल्या लेकानेमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाने 18 महिन्यांत स्मृती आणि रोजच्या व्यवहारांतली घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. अठरा गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी. तेही साध्याच वाटेने मेंदूत जाते.

वाट बदलण्याचे प्रयत्न दोन दिशांनी चालू आहेत. केंद्रित अल्ट्रासाउंडने अडथळा तात्पुरता उघडून तीन रुग्णांना प्रतिपिंड दिल्याचा अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. उघडलेल्या भागातले अमायलॉइड अधिक घटले होते. वापरलेले औषध होते तेच गुंडाळले जाणारे अ‍ॅड्युकानुमॅब! दुसरी दिशा लेव्होडोपाच्या जवळची. 2022 मध्ये अपयशी ठरलेल्या गॅन्टेनेरुमॅब या प्रतिपिंडाला, लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन प्रथिनाला अडथळ्यातून आत घेणाऱ्या ग्राहीला चिकटणारा तुकडा जोडून ट्रॉन्टिनेमॅब घडवले गेले. सुरुवातीच्या चाचण्यांत सुजेचे प्रमाण पाच टक्क्यांखाली राहिले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या 2025 मध्ये सुरू झाल्या असून, त्यांचा निकाल स्मृती आणि रोजच्या व्यवहारांच्या मापावर लागायचा आहे.